पुढच्या ब्रेकाची कुरकुर

पावसाळ्यातील रविवारी सकाळी, पवित्र मिस्सा सुरू होण्याच्या थोडे आधी, आमच्या चर्चच्या आवारात एकामागून एक मोटारसायकली येऊन थांबू लागतात आणि बहुतेक प्रत्येकीबरोबर एक कर्कश किंकाळी उठते. आत जपमाळ करीत बसलेल्या वृद्ध माता दचकून मागे पाहतात. हा आवाज पुढच्या चाकाच्या ब्रेकाचा होय. आम्हीही त्याची थट्टा करून तो विषय सोडून दिला असता. परंतु गेल्या जून महिन्यात एक प्रसंग घडला, आणि त्यामुळे हे चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटले.

त्या दिवशी एका शेतकरी गृहस्थांची गाडी मुळीच आवाज न करता येऊन थांबली. आम्ही कौतुकाने कारण विचारले. ते हसून म्हणाले, "आवाज येतोय कुठला? पुढचा ब्रेक सैल सोडून टाकलाय मी. दाबला की एकदम धरतोय हो. एकदा पाडलंय बघा त्यानं. तीन वर्सं झाली, मागल्या ब्रेकावरच चालतंय." मागच्या आसनावर त्यांची पत्नी होती, टाकीवर धाकटे मूल होते, आणि त्यांचा नेहमीचा रस्ता म्हणजे निपाणीकडे उतरणारा तवंदी घाट. आम्हांस मात्र हसू आले नाही.

चौकशी केली तेव्हा कळले की असे करणारे ते एकटे नाहीत. संकेश्वरापासून कागलपर्यंत कोणत्याही गावी पाहा, "पुढला ब्रेक पाडतो" हे वाक्य ऐकू येतेच. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच ते घातक आहे. झटक्याने धरणारा पुढचा ब्रेक ओल्या रस्त्यावर चाक जागच्या जागी अडकवतो व गाडी क्षणात आडवी होते, हे खरे. परंतु तो ब्रेक काढून टाकणे म्हणजे चावरा कुत्रा घराची राखण करतो म्हणून त्याचे दातच उपटण्यासारखे आहे.

धावणारी बस थांबू लागली की आत उभा असलेला माणूस पुढे झुकतो. मोटारसायकलचेही तसेच होते. ब्रेक लागताच गाडीचा व स्वाराचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके पडते. हलक्या चाकाची रस्त्यावर पकड नसते. त्याला अधिक दाबले तर ते फरफटत जाते, गाडी मात्र थांबत नाही. कोरड्या सपाट रस्त्यावरसुद्धा केवळ मागच्या ब्रेकाने थांबावयास सुमारे दुप्पट अंतर लागते. घाट उतरताना तर उतारच भार पुढे ढकलीत असतो. पुढे उसाने भरलेली ट्रॉली एकाएकी थांबली तर त्या दुप्पट अंतराचा अर्थ काय होईल, हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

मग तो ब्रेक धरतो तरी का? आमच्या भागातील बहुतेक जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकात ड्रम असतो. मद्रासेत तयार होऊ लागलेली बुलेट घ्या, की १९६१ पासून म्हैसूरला बनू लागलेली जावा घ्या. त्यांची रीत एकच. ड्रमच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू असतात व त्यांवर लायनर चिकटवलेले असते. लिव्हर दाबला की केबल ओढली जाते, कॅम फिरतो, आणि शू फाकून ड्रमला घासतात. आता शेतातली एक गोष्ट आठवा. हातातील काठी पुढे तिरपी टेकवून ढकलीत गेलो तर ती मातीत रुतते. तीच मागे टाकून ओढली तर नुसती घसटत येते. दोन शूंपैकी एक असा रुतणारा असतो, एक घसटणारा. रुतणारा शू फिरत्या ड्रमच्या जोरानेच स्वतःला आणखी आत ओढून घेतो. ही त्याची शक्ती होय, आणि बिघडला की खोडही हीच.

तो बिघडण्याची कारणे साधी आहेत. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या ड्रमवर गंजाचा पातळ थर चढतो आणि सकाळचा पहिला ब्रेक झटका देतो. दोन-चार वेळा हलके दाबले की तो थर झिजून जातो. चाकाच्या बेअरिंगचे ऑइल सील गळत असेल तर ग्रीस लायनरवर येते. मग ब्रेक कधी निसटतो तर कधी चिकटतो. आमच्याकडे धुलाईनंतर गाडीवर डिझेल फवारून तिला चकाकी आणण्याची रीत आहे. ते डिझेलही आत शिरते. ग्रीस वा तेल प्यालेले लायनर कितीही पुसले तरी पूर्वपदावर येत नाही, ते बदललेच पाहिजे. क्वचित ड्रमच अंडाकृती होतो, विशेषतः आऱ्या कमीअधिक ताणल्या गेल्या असतील तर. तेव्हा लिव्हर बोटांखाली धडधडतो. कधी दोष ब्रेकात नसतोच. हँडलचा कोनसेट ढिला असला तर ब्रेक दाबताच पुढचा भाग ठकठक करतो व थरथरतो, आणि मालक बिचारा लायनरांवर पैसे घालीत बसतो.

आवाजाविषयी सांगावयाचे तर, बारीक किंकाळी बहुधा काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या लायनरची किंवा आत साचलेल्या भुकटीची असते. तिने कान दुखतात. परंतु लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर ऐकू आली तर लायनर संपले असे समजून गाडी तेथेच थांबवावी.

आमच्याही गाडीचा ब्रेक एकदा असाच ओरडू लागला. आम्ही फारसा विचार न करता नवे लायनर बसविले, आणि ब्रेक पूर्वीपेक्षा अधिक झटके देऊ लागला. निपाणीच्या एका वृद्ध मिस्त्रींनी चाक उतरवून पाहिले व म्हणाले, "पाव्हणं, ब्रेक वाईट न्हवं. लायनरची कड बघा की, कोयत्यावानी हाय." त्यांनी कानशीने रुतणाऱ्या शूच्या लायनरची पुढची कड थोडी तिरपी घासली, पृष्ठभागावर पॉलिश पेपर हलकेच फिरविला, कॅमचा दांडा काढून साफ केला आणि त्याला नखाएवढेच ग्रीस लावले. आम्ही बोटभर लावले असते, आणि मग तेच लायनरवर उतरले असते! केबलचे टोक उसवले होते, म्हणून तीही बदलली. चाक बसविताना त्यांनी एक्सलचा नट ढिला ठेवला, आमच्याकडून लिव्हर घट्ट दाबून धरविला, आणि तशा स्थितीतच नट आवळला. असे केल्याने दोन्ही शू ड्रमच्या मध्यावर बसतात. एक गोष्ट त्यांनी दोनदा तपासली व आम्हांसही बोटाने चाचपावयास लावली: ब्रेकच्या प्लेटची खाच फोर्कच्या खुंटीत नीट बसली आहे की नाही. ती खाच सुटलेली राहिली तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळली जाते व चाक अडकते. घरी चाक काढणाऱ्या तरुणांनी बाकी काही विसरले तरी एवढे विसरू नये.

आतील भुकटी मात्र तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे तंतू फुप्फुसांस कायमची इजा करतात. ओल्या फडक्याने पुसावे व ते फडके टाकून द्यावे.

डिस्क ब्रेकच्या गाड्यांविषयी थोडक्यात. तेथे पॅड झिजणे, कॅलिपरच्या पिना चिखलाने जाम होणे व डिस्क वाकणे ही मुख्य दुखणी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते; म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे, नाही तर लांब घाटात ते तापून उकळते व लिव्हर पोकळ लागतो. ज्यांच्या गाड्या नव्या आहेत त्यांना आणखी एक सूचना. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस, आणि त्याखालील गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली. अशा लहान गाडीचा मागचा पेडल दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. तेथे पुढची केबल सैल सोडली की ती सोयही व्यर्थ जाते.

आमच्या लोकांत नवी गाडी प्रथम फादरांपुढे नेऊन तिच्यावर आशीर्वाद मागण्याची व टाकीवर संत ख्रिस्तोफरचे पदक लावण्याची चांगली प्रथा आहे. प्रवाशांना सांभाळणाऱ्या त्या संतावर आमचा पूर्ण विश्वास आहे. परंतु केबल आवळण्याचे काम त्यांच्यावर टाकू नये, असे आम्हांस नम्रपणे वाटते.

असो. त्या गृहस्थांची गाडी पुढील रविवारी मिस्सा आटोपल्यावर आवारातील झाडाखाली उघडली. ऑइल सील फाटलेले, लायनर ग्रीसने काळे झालेले, आणि कॅम इतका सुकलेला की हाताने फिरेना. सील, शूंची जोडी व केबल असे तीनच जिन्नस बदलावे लागले. नंतर शाळेच्या मैदानात, आधी पत्नीला व मुलाला खाली उतरवून, ते हळूहळू दोन बोटांनी लिव्हर दाबीत दहा-बारा फेऱ्या फिरले. पहिल्या फेरीत त्यांचे खांदे ताठ होते. शेवटच्या फेरीपर्यंत ते सैल पडले. आता त्यांची गाडीही पावसाळी सकाळी इतरांसारखीच थोडी ओरडते. फाटकाआधीच्या वळणावर ते तीनदा हलका ब्रेक मारतात, आणि चर्चच्या दारापाशी येईतो तिचा आवाज बंद झालेला असतो.