देव बदलले, देऊळ तेच राहिलं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

मागच्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी तैवानला गेलो होतो. शेवटच्या दिवशी विमानाला भरपूर वेळ होता, म्हणून ताओयुआन शहरातल्या हुतोउ टेकडीवर गेलो. तिथे एक जपानी देऊळ आहे, एवढंच माहीत होतं. पायऱ्या, दगडी दिवे, रंग न दिलेल्या लाकडाची सुंदर इमारत, सगळं अगदी जपानी. पण गाभाऱ्यात जपानी देव नाहीत! तिथे चिनी लिपीत हुतात्म्यांची नावं. म्हटलं, ही काय भानगड?

तर गोष्ट अशी आहे. १८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षं तैवानवर जपानचं राज्य होतं. शिंतो हा जपानचा स्वतःचा धर्म. सूर्यदेवी अमातेरासु ही त्यातली प्रमुख देवता आणि जपानी सम्राट तिचे वंशज मानले जायचे. म्हणजे देवीला नमस्कार केला, की तो सम्राटालाही पोचला. १९३७ नंतर चीनशी युद्ध पेटलं आणि तैवानी लोकांना ‘पक्के जपानी’ बनवायची मोहीमच सुरू झाली. जपानी भाषा, जपानी नावं आणि घरच्या देव्हाऱ्यातही जपानी देव. ताओयुआनचं हे देऊळ त्याच लाटेतलं, १९३८ सालचं. अमातेरासुबरोबर इथे राजपुत्र किताशिराकावा योशिहिसा यांचीही पूजा व्हायची. हे कोण? १८९५ मध्ये तैवान जिंकायला आलेल्या फौजेचे सेनापती. ज्यांनी तुम्हाला जिंकलं, त्यांच्याचपुढे तुम्ही हात जोडायचे!

१९४५ मध्ये जपान हरला आणि तैवान चिनी राष्ट्रवादी सरकारकडे गेलं. त्यांनी ही इमारत पाडली नाही, फक्त आतले देव बदलले. देवळाचं हुतात्मा स्मारक झालं. तिथे मान मिळालेल्यांमध्ये ल्यू योंगफू आहेत, म्हणजे १८९५ मध्ये त्याच जपानी फौजेविरुद्ध उभे राहिलेले सेनानी. गाभारा तोच, बाजू उलटी.

खरा धोका पुढे आला. १९७२ मध्ये जपानने तैवानशी राजनैतिक संबंध तोडून बीजिंगशी जोडले. राग साहजिक होता. १९७४ मध्ये सरकारने जपानी राजवटीच्या खुणा काढून टाकायचा हुकूम काढला. तैवानभर अनेक शिंतो देवळं गेली. १९८५ च्या सुमाराला ताओयुआनचीही पाळी आली. ते पाडून नवं स्मारक बांधायचं ठरलं.

आणि इथे मला सगळ्यात आवडलेला भाग येतो. नव्या इमारतीचं काम ज्या वास्तुविशारदाला मिळालं होतं, तोच म्हणाला, हे पाडू नका! जोरदार वाद झाला. ‘गुलामीची खूण कशाला जपायची?’ हा प्रश्न काही खोटा नव्हता. दुसरी बाजू म्हणाली, ही बांधणी चीनच्या तांग काळातल्या शैलीशी नातं सांगते, आणि इतिहास पुसल्याने तो घडलाच नव्हता असं होत नाही. शेवटी इमारत वाचली, दुरुस्त झाली आणि १९९४ मध्ये तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला.

आमच्या धंद्यात जुना कोड दिसला, की ‘उडव आणि नव्याने लिही’ असं पहिल्यांदा मनात येतं. मीही ते केलंय आणि पस्तावलोय. पण कोडमुळे कोणाच्या आजोबांचा अपमान झालेला नसतो. इथे झाला होता. म्हणून ही तुलना मी फार ताणणार नाही.

वाद संपलाय असंही समजू नका. २०२२ मध्ये इथे अमातेरासुला पुन्हा आणून बसवलं, तेव्हा लोक भडकले. जपानशी लढताना मेलेल्यांच्या स्मारकात जपानी देवी? पुढे तिला तिथून हलवावं लागलं. म्हणजे इमारत जपायला लोक तयार आहेत, पण तिच्यातली जुनी सत्ता परत बसवायला नाहीत. मला तरी हा फरक पटतो.

तुम्हाला काय वाटतं? १९८५ मध्ये तुम्ही तिथे असता, तर कोणत्या बाजूने बोलला असता? व्हॉइस नोट नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!