मांजरप्रेमींच्या उशाशी

सुरुवात नात्सुमे सोसेकी यांच्या ‘आय ॲम अ कॅट’पासून करावी. १९०५मध्ये जपानी मासिकातून क्रमशः सुरू झालेल्या या कादंबरीचं निवेदन बिननावाचं मांजर करतं. तांदळाचा चिकट गोळा त्याच्या दातांत अडकतो, तेव्हाची त्याची धडपड चुकवू नये अशीच! सोसेकींच्या घरी खरोखरच एक भटकं मांजर राहायला आलं होतं. १९०८मध्ये ते गेल्यावर त्यांनी स्नेह्यांना निधनाची पत्रं धाडली. डोरिस लेसिंग यांचं ‘पर्टिक्युलरली कॅट्स’ (१९६७) मांजरांकडे भाबडेपणाने पाहत नाही, म्हणून मोलाचं. विकी मायरन यांचं ‘ड्यूई’ म्हणजे अमेरिकेतल्या एका ग्रंथालयाच्या पुस्तकपेटीत सापडलेल्या पिल्लाची सत्यकथा. हिरो अरिकावा यांचं ‘द ट्रॅव्हलिंग कॅट क्रॉनिकल्स’ मात्र चारचौघांत वाचू नका. शेवटी डोळे भरून येतातच.