छायाचित्राच्या रचनेतील दृश्य समतोल : त्र्यंबकेश्वरच्या संदर्भात

प्रस्तावना

इतिहास, समाजशास्त्र, भूगोल यांसारख्या विषयांच्या क्षेत्रीय अभ्यासात छायाचित्र हे आता केवळ सजावटीचे साधन राहिलेले नाही. ते पुरावा म्हणून जोडले जाते. हा पुरावा तयार होत असताना चौकटीत काय ठेवावे, कोठे ठेवावे आणि काय वगळावे, याचे निर्णय घेतले जातात. या निर्णयांमागे बहुधा समतोलाची ओढ असते. ती समजून न घेतल्यास चित्र सुबक होते, परंतु स्थळाविषयी अपुरे बोलते.

दृश्य समतोलाची संकल्पना

समतोल म्हणजे चौकटीच्या दोन्ही बाजू सारख्या असणे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो समतोलाचा एक प्रकार आहे. रूडॉल्फ आर्नहाइम यांनी 'आर्ट अँड व्हिज्युअल परसेप्शन' (१९५४) या ग्रंथात दृश्य समतोलाचे विवेचन तरफेच्या तत्त्वाच्या आधारे केले आहे. चौकटीचा मध्य हा टेकू मानला, तर मध्याजवळची मोठी वस्तू दूर कडेला असलेल्या लहान वस्तूने तोलली जाऊ शकते. येथील 'भार' अर्थातच वजनकाट्यावरचा नव्हे. तो पाहणाऱ्याच्या लक्षाचा भार होय. आकार, रंगाची प्रखरता, पार्श्वभूमीशी असलेला विरोध, एकटेपण आणि नजरेची दिशा यांवर तो ठरतो. मानवी चेहरा आकाराने लहान असूनही दृष्टी खेचून घेतो.

सममित व असममित समतोल

त्र्यंबकेश्वर येथे हे दोन्ही प्रकार अभ्यासता येतात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात १७५५ मध्ये बांधकाम सुरू होऊन १७८६ मध्ये पूर्ण झालेले काळ्या पाषाणाचे मंदिर पूर्वाभिमुख आहे. समोरून, नंदी व शिखर यांना जोडणाऱ्या मध्यरेषेवर उभे राहून घेतलेले चित्र आपोआप सममित होते. चारी बाजूंनी पायऱ्या असलेले चौकोनी कुशावर्त तीर्थही अशाच रचनेस अनुकूल आहे. अशी चित्रे स्थैर्य व गांभीर्य सूचित करतात. वास्तूच्या आराखड्याची नोंद करावयाची असेल, तर ती उपयुक्तही ठरतात.

मंदिराचे ब्रह्मगिरीशी असलेले नाते दाखवावयाचे झाल्यास मात्र मध्यरेषा सोडावी लागते. एका बाजूस शिखर आणि दुसऱ्या बाजूस पर्वताची कडा, अशी असममित रचना तेथे उभी राहते. हा समतोल स्थिर नसतो. सकाळी दर्शनी बाजूवर ऊन पडते, शिल्पकाम उजळते आणि लक्ष अनेक ठिकाणी विभागले जाते. दुपारनंतर तीच बाजू सावलीत जाते. उजळ आकाशापुढे काळे शिखर अधिक जड भासते. पावसाळ्यात ढग उतरून पर्वत दिसेनासा झाला की तोलाची एक बाजूच नाहीशी होते. अशा वेळी चौकट बदलावी लागते किंवा कडेला चालणाऱ्या एखाद्या यात्रेकरूची जागा विचारात घ्यावी लागते.

स्थिर चौकट आणि दादासाहेब फाळके

चौकट न हलवता तिच्यातील माणसांच्या मांडणीतून समतोल साधण्याचा विचार याच गावच्या एका सुपुत्राच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय व बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी शिक्षण घेतले आणि चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रणाचा व्यवसाय केला. ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेल्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये कॅमेरा बहुतांशी एका जागी स्थिर आहे. अशा चौकटीत एक पात्र सरकले की संपूर्ण दृश्याचा तोल बदलतो व दुसऱ्या पात्राच्या स्थानाने तो पुन्हा सांभाळावा लागतो. स्थिर छायाचित्राचाही मूळ प्रश्न हाच आहे.

समतोल आणि सत्यता

समतोल साधण्याचे दोन मार्ग आहेत : अडचणीची वस्तू वगळणे किंवा तिला योग्य जागी बसवणे. पहिला मार्ग सोपा आहे. विजेच्या तारा, पूजासाहित्याची दुकाने, गर्दीसाठी लावलेले अडथळे कापून टाकले की मंदिर निर्जन व कालातीत भासते. परंतु श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेस लोटणारा समुदाय किंवा सिंहस्थातील स्नानार्थींची दाटी ज्या गावाच्या जीवनाचा भाग आहे, त्या गावाचे असे चित्र अभ्यासाच्या दृष्टीने दिशाभूल करणारे ठरते. जागा दोन पावले बदलल्याने दुकानांची रांग कडेला येऊन शिखराला तोलू शकते. गर्दीतील एखादा वळलेला चेहरा रिकाम्या आकाशाला उत्तर देऊ शकतो. दुसऱ्या मार्गास वेळ लागतो, पण त्यात स्थळ शाबूत राहते.

निष्कर्ष

दृश्य समतोल हा केवळ सौंदर्याचा नियम नसून कोणत्या घटकास किती महत्त्व द्यावे, याविषयीचा निर्णय आहे. म्हणून अभ्यासासाठी घेतलेल्या छायाचित्रासोबत स्थान, दिशा, वेळ व ऋतू यांची नोंद असणे आवश्यक ठरते. विद्यार्थ्यांना छायाचित्रण शिकवताना 'चित्र समतोल आहे काय' या प्रश्नाला 'तो समतोल कशाच्या बदल्यात मिळाला' या प्रश्नाची जोड दिली, तर त्यांची दृष्टी आणि त्यांचा पुरावा, दोन्ही अधिक विश्वसनीय होतील.