हलक्या अन्नाचा लौकिक

गेल्या पावसाळ्यात पाथरी तालुक्यातील एका आजींना त्यांचा मुलगा माझ्याकडे घेऊन आला. आजींचे वय अठ्ठ्याहत्तर. ताप येऊन गेल्याला दोन महिने झाले होते, पण अशक्तपणा हटत नव्हता. वजन पूर्वीच्या नोंदीपेक्षा पाच किलोंनी कमी भरले. मुलगा काळजीने म्हणाला, "साहेब, मायच्या खाण्यापिण्याला आम्ही फार जपतो. जड काही देतच नाही. सकाळी चहा आन् मारी बिस्किट, दुपारी दूध-ब्रेड, रात्री कस्टर्ड." आजी हळूच म्हणाल्या, "पोटाला आधार येत नाही, बाबा. भाकर मागितली तर पोरं देत नाहीत."

मी जुना कागद मागून घेतला. 'हलका आहार : दूध, ब्रेड, बिस्किट' ही ओळ माझ्याच अक्षरात होती. ती चार दिवसांच्या तापासाठी लिहिलेली होती. मुदत लिहायची मात्र राहून गेली होती. त्या घराने ती दोन महिने इमानाने पाळली. रक्तातील साखर, थायरॉइड, छातीचा फोटो अशा तपासण्यांत दुसरे कारण सापडले नाही. आजी अन्नावाचून खंगत चालल्या होत्या, आणि तेही पथ्याच्या नावाखाली.

आजाऱ्याच्या या अन्नाला एवढा लौकिक कोठून मिळाला? परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता; इंग्रजांचे थेट राज्य येथे नव्हते. तरीही पाव, बिस्किट, टोस्ट आणि कस्टर्ड हा इंग्रजी मुदपाकखान्यातला ऐवज आपल्या रुग्णांच्या खाटेपर्यंत पोहोचला. आम्हा डॉक्टरांची विद्या त्याच देशातून आली आणि तिच्या पाठोपाठ तेथील पथ्यही आले.

या पदार्थांचे मूळ पाहण्यासारखे आहे. मारी बिस्किट १८७४ साली लंडनच्या एका कारखान्याने तयार केले. रशियाची राजकन्या मारिया हिचा विवाह राणी व्हिक्टोरियाच्या पुत्राशी झाला, त्या सोहळ्याची ती आठवण. म्हणजे आपण पथ्याचे म्हणून देतो ते मुळात लग्नाचे गोड खाणे. कस्टर्ड पावडरीची कथा अधिक हृद्य आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याच्या पत्नीला अंडे सोसत नसे. तिच्यासाठी त्याने १८३७ साली अंड्याविना कस्टर्ड शोधले. त्या पावडरीत मुख्यतः मक्याचे पिष्ट असते. त्या वाटीत जे पोषण असते ते दुधाचे. पावडरीने येतो तो दाटपणा, रंग आणि वास. 'डायजेस्टिव्ह' बिस्किटाला ते नाव मिळाले, कारण खाण्याच्या सोड्याने पचन सुधारते अशी एकोणिसाव्या शतकातील समजूत होती. नाव औषधासारखे असले, तरी आत पीठ, साखर आणि स्निग्ध पदार्थच आहेत.

गंमत अशी की या लौकिकावर पहिली शंका घेणाऱ्यांत इंग्लंडचीच एक परिचारिका होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर लिहिलेल्या पुस्तकात रुग्णाच्या अन्नावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. मांसाचा पातळ काढा आणि आरारूट यांवर लोक फाजील भिस्त ठेवतात, आरारूट म्हणजे केवळ पिष्ट आणि पाणी, त्यापेक्षा साधे पीठ अधिक पोषक, असे त्यांनी तेव्हाच बजावले होते.

इंग्रजी अन्नाची जगात दुसरीही एक ख्याती आहे : बेचव, उकडलेले, एकसुरी. या बदनामीला मोठा हातभार लावला तो दुसऱ्या महायुद्धाने. जानेवारी १९४० मध्ये तेथे लोणी, साखर आणि खारवलेले डुकराचे मांस यांवर शिधापत्रिका आली. शेवटचे निर्बंध जुलै १९५४ मध्ये उठले. एक अख्खी पिढी मोजून मिळणाऱ्या शिध्यावर वाढली आणि चवीने रांधणे विसरली. १९४२ पासून पांढऱ्या पावाऐवजी कोंडा पुष्कळसा राखलेला करडा 'राष्ट्रीय पाव' आला. लोकांनी त्याला नाके मुरडली. पण त्यात मुडदूस टळावा म्हणून कॅल्शियम घातलेले होते, गर्भवतींना आणि बालकांना दूध प्राधान्याने दिले जाई, घरोघरी भाज्या पिकवल्या जात. युद्ध संपताना तेथील अर्भकमृत्यूचे प्रमाण युद्धापूर्वीपेक्षा कमी झालेले होते. त्या काळातील अन्न चवीला बदनाम होते, पण अंगी लागणारे होते.

पुढे तेथील ताट पुष्कळ बदलले. १८१० साली पाटण्याच्या दीन महंमद यांनी लंडनमध्ये काढलेले हिंदुस्थानी भोजनगृह फार दिवस चालले नव्हते. २००१ साली मात्र तेथील परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हाच खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ असल्याचे जाहीर भाषणात सांगितले. २०१८ पासून गोड शीतपेयांवर तेथे साखरेच्या प्रमाणानुसार कर लागतो. ज्यांचे म्हणून आपण बिस्किट-पाव उचलले, ते आपले ताट तपासत राहिले. आपण मात्र आजाऱ्यासाठी जुनी यादीच जपली.

आता आपल्या अन्नाचा लौकिक पाहू. ज्वारीची भाकरी मराठवाड्यात 'गरिबाघरची' ठरली. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो खाल्लेले लोक अजून हयात आहेत. त्या आठवणीनेही ज्वारीचा मान उतरला असावा. हाती पैसा आला तशी घरात पोळी आली आणि पाहुण्यांपुढे भाकरी ठेवणे कमीपणाचे वाटू लागले. वास्तविक शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तर मैद्यात तीन ग्रॅमही नसतात. याच परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या साहाय्याने २०१८ साली 'परभणी शक्ती' हे लोह आणि जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण दिले. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले. शहरांत ज्वारी मानाने परतली. आपल्या घरातील वृद्धांच्या ताटातून मात्र ती 'जड' म्हणून निघून चालली आहे.

येथे जरा हिशेब करावा. उतारवयात दर किलो वजनामागे रोज निदान एक ग्रॅम प्रथिने हवीत. पन्नास किलो वजनाच्या व्यक्तीस पन्नास ग्रॅम. चार मारी बिस्किटांतून दोन ग्रॅमही मिळत नाहीत. प्रथिने उणी पडली की स्नायू झिजतात, तोल जातो, माणूस पडतो आणि एका अस्थिभंगाने कायमचा अंथरुणाला खिळतो. त्यात मैद्याने बद्धकोष्ठ वाढते. जेवणासोबत चहा घेतल्यास अन्नातील लोहही नीट शोषले जात नाही. म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

दात नाहीत, ही अडचण खरी आहे. पण तिच्यावरचे उपाय आपल्या चुलीवर पूर्वीपासून आहेत. ताज्या भाकरीचा पापुद्रा काढून मऊ भाग घट्ट वरणात किंवा दुधात कुस्करून द्यावा. ताकातल्या ज्वारीच्या कण्या, आंबील, तूप घातलेली मुगाची खिचडी, शिजवून घोटलेली पालेभाजी, शेंगदाण्याचे बारीक कूट घातलेली पातळ भाजी, दही, चालत असल्यास मऊ उकडलेले अंडे, यांतील काही ना काही दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. चहाबरोबर एखादे बिस्किट खाण्यास हरकत नाही. त्यावर जेवणाची वेळ मात्र भागवू नये.

काही ठिकाणी सावधगिरी हवी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल, तर कोरडे कुस्करलेले किंवा अगदी पातळ अन्न परस्पर देऊ नये. मधुमेह्यांनी 'शुगर-फ्री' बिस्किटांतही मैदा असू शकतो हे ध्यानात ठेवावे. सहा महिन्यांत वजन विसाव्या हिश्श्याने घटले, म्हणजे पन्नास किलोंवर अडीच किलो, तर 'वय झाले' म्हणून सोडून न देता तपासणी करावी.

आजींना मी दुसरा कागद लिहून दिला : सकाळी आंबील, दोन्ही वेळा वरणात कुस्करलेली भाकरी, संध्याकाळी दूध. महिन्याने आल्या तेव्हा वजन सव्वा किलो वाढले होते आणि दारातून काट्यापर्यंत त्या कोणाचा हात न धरता चालत आल्या.

तेव्हापासून पथ्य लिहिताना मी त्यापुढे दिवस लिहितो. आपल्या डॉक्टरांच्या कागदावर ते नसतील, तर निघण्यापूर्वी अवश्य विचारावे : हे पथ्य किती दिवस, आणि त्यानंतर घरचे जेवण कधीपासून?