पाठीवर वाजणारे काटे

कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरवून पाहा. ‘खर्र’ असा आवाज येतो ना? दाते कंप पावतात, म्हणून तो येतो. मादागास्कर बेटावरच्या पट्टेरी टेनरेकच्या पाठीवर असेच वाद्य आहे!

पूर्वेकडच्या वर्षावनात राहणारा हा प्राणी जेमतेम वीतभर लांब. काळ्या अंगावर पिवळे पट्टे. काटे पाहून तुम्ही त्याला साळिंदराचा भाऊबंद म्हणाल. पण त्याचे नाते हत्तीशी अधिक जवळचे आहे. पाठीवर मधोमध जाड काट्यांचा लहानसा झुबका असतो. कातडीखालचे स्नायू ते काटे हलवतात, काटे एकमेकांवर घासतात आणि ध्वनी निर्माण होतो. रातकिडा पंख घासतो, तसेच. दुसऱ्या कोणत्याही सस्तन प्राण्यात ही कला आढळलेली नाही.

आपला कान सेकंदाला २० ते २०,००० कंपनांचा ध्वनी ऐकतो. हे काटे त्याहून अधिक कंपनांचा, म्हणजे श्रवणातीत ध्वनीही काढतात. गांडुळे शोधत पाचोळ्यात पांगलेल्या पिल्लांना आणि आईला एकमेकांचा ठावठिकाणा त्यावरून लागतो. दाट झाडोऱ्यात डोळ्यांचा उपयोग तो किती? आपण शेजारी उभे असलो, तरी त्यातले बरेचसे आपल्याला ऐकू येणार नाही. मग आवाज झालाच नाही, असे म्हणाल का?