वेदीवर ग्रंथ, हाती टॅब्लेट

आजचे युग संगणकाचे आहे, हे वाक्यही आता जुने झाले. २०१० साली आयपॅड बाजारात आला आणि टेबलावरचा संगणक पाटीसारखा हाती आला. तेव्हापासून टॅब्लेट म्हणून ओळखली जाणारी ही यंत्रे आपल्या घरांत, शाळांत आणि हळूहळू चर्चमध्येही शिरली. गायकवृंदापुढे गीतांच्या वहीऐवजी टॅब्लेट दिसतो, एखादे धर्मगुरू प्रवचनाची टिपणे त्यावरून पाहतात, धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यावर चित्रफीत दाखविली जाते. साहजिकच काही भाविक विचारतात, मिस्साग्रंथाऐवजी वेदीवर टॅब्लेट ठेवला तर काय बिघडले? शब्द तर तेच आहेत!

हा प्रश्न प्रत्यक्षात उपस्थित झालेला आहे. इटलीतील फादर पावलो पाद्रिनी यांनी २००८ साली 'आयब्रेव्हिअरी' हे ॲप तयार केले आणि धर्मगुरू व व्रतस्थ रोज म्हणतात त्या प्रहर-प्रार्थना मोबाइलवर आल्या. २०१० मध्ये त्यांनी मिस्साग्रंथ आयपॅडवर आणण्याचे जाहीर केले. प्रवासातील धर्मगुरूला जाड ग्रंथ वाहून नेणे जड जाते, हे त्यामागचे साधे कारण होते. पुढे २०१२ साली न्यूझीलंडच्या बिशपांनी मात्र स्पष्ट केले, की अभ्यासासाठी ही साधने चांगली आहेत. परंतु ख्रिस्तयागात धर्मगुरूने छापील मिस्साग्रंथच वापरावा.

यामागचे तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे. ख्रिस्तसभेची उपासना केवळ शब्दांनी होत नाही; पाणी, तेल, भाकर, मेणबत्ती, धूप या साऱ्या चिन्हांतून ती बोलते. ग्रंथ हेही असेच एक चिन्ह आहे. शुभवर्तमानाचा ग्रंथ मिरवणुकीने आणला जातो, वेदीवर ठेवला जातो, त्याला धूप दाखविला जातो आणि वाचनानंतर त्याचे चुंबन घेतले जाते. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतील ३४९ वा परिच्छेद सांगतो, की उपासनेचे ग्रंथ, विशेषतः शुभवर्तमानाचा ग्रंथ आणि वाचनग्रंथ, स्वर्गीय वास्तवाची चिन्हे असल्याने खरोखर सुंदर आणि योग्य असावेत. टॅब्लेटच्या ज्या पडद्यावर आता शुभवर्तमान आहे, त्याच पडद्यावर सकाळी बाजारभाव होता आणि दुपारी क्रिकेटचा धावफलक असणार आहे. घरातला पेला आणि वेदीवरचा चषक दोन्ही धातूचेच असतात. तरी चषकात आपण ताक ओतीत नाही.

टॅब्लेटला हरकत घेणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भाषांतरांविषयीच्या २००१ सालच्या व्हॅटिकनच्या सूचनापत्राने सुटी पत्रके आणि पुस्तिका यांच्यावरून उपासना करण्याचा तात्पुरता टप्पा शक्य तितक्या लवकर ओलांडावा, असे म्हटले आहे. वाचनपीठावर चुरगळलेली झेरॉक्स प्रत घेऊन जाणारा वाचक आणि टॅब्लेट घेऊन जाणारा वाचक यांच्यात आम्हाला फारसा फरक दिसत नाही.

याचा अर्थ ख्रिस्तसभा नव्या साधनांची वैरी आहे, असा मुळीच नाही. १५५६ साली गोव्यात छापखाना आला तो मिशनऱ्यांमुळेच. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. कारण हाताशी जे साधन होते त्याचा त्यांनी उपयोग केला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेवरचा दस्तऐवज आणि संपर्कसाधनांवरचा दस्तऐवज हे दोन्ही एकाच दिवशी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, प्रसिद्ध केले. जून २०११ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी व्हॅटिकनच्या नव्या वृत्तसंकेतस्थळाचा प्रारंभ केला तो आयपॅडला बोट लावूनच.

टॅब्लेटचे खरे क्षेत्र वेदीच्या बाहेर आहे, आणि ते मोठे आहे. ज्यांची दृष्टी मंदावली आहे अशा वयोवृद्धांना बायबलमधील बारीक अक्षर वाचता येत नाही. पडद्यावर तेच अक्षर दोन बोटांनी हवे तेवढे मोठे होते. अंथरुणाला खिळलेल्या आजीला ख्रिस्तप्रसाद देण्यास जाणारा सेवक त्या दिवसाचे शुभवर्तमान तिला मोठ्या अक्षरांत दाखवू शकतो. ऐकू कमी येत असेल तर हे फारच उपयोगी पडते. आखाती देशांत नोकरीनिमित्त गेलेल्या आपल्या मुलामुलींना मायबोलीत दैनिक वाचने मिळू शकतात. लघु ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत एकच टॅब्लेट दहा पुस्तकांचे काम करतो.

येथे मराठीची एक खास अडचण आहे. आपली कित्येक गीते आणि प्रार्थना जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टंकलिखित केलेल्या आहेत. त्या तशाच टॅब्लेटवर उघडल्या तर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. त्या युनिकोडमध्ये आणाव्या लागतात, आणि यंत्राने रूपांतर केले की रफार व जोडाक्षरे हमखास बिघडतात. म्हणून प्रत्येक ओळ मूळ पुस्तकाशी ताडून पाहणारा जाणकार हवा. गीतातील चूक एकवेळ गायकाच्या पाठांतरात निभावते, प्रार्थनेतील निभावत नाही. शिवाय उपासनेतील भाषांतराला बिशपांची आणि रोमची मान्यता लागते. कोणीतरी हौसेने केलेल्या ॲपमधील पाठ कितीही सुबक दिसला तरी तो मान्यताप्राप्त ठरत नाही. हे काम धर्मप्रांताच्या पातळीवर एकदाच आणि नीट व्हावे, असे आम्हाला वाटते. प्रत्येक धर्मग्रामाने आपापली फाईल बनवीत बसणे म्हणजे चुकांची संख्या वाढविणे आहे.

संस्कारांच्या बाबतीत मात्र मर्यादा पक्की आहे. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, हे व्हॅटिकनने २००२ सालीच सांगितले. २०११ मध्ये अमेरिकेत पापनिवेदनाची तयारी करून घेणारे ॲप निघाले, तेव्हाही व्हॅटिकनचे प्रवक्ते फादर फेदेरिको लोम्बार्दी यांनी, तयारीला त्याची मदत होऊ शकते, पण पापनिवेदन धर्मगुरूसमोरच करावे लागते, असा खुलासा केला. २०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद होती तेव्हा असंख्य कुटुंबांनी पडद्यावर मिस्सा पाहिली आणि आध्यात्मिक कम्युनियन घेतले. तो मोठा आधार होता. पण धडधाकट माणसाने आजही रविवारी घरी बसूनच मिस्सा पाहावी, यासाठी ती सवलत नव्हती.

कुटुंबभेटीच्या वेळी टॅब्लेटवर माहिती भरून घेण्याची पद्धतही सोयीची आहे. तथापि आजार, कौटुंबिक कलह, विवाहातील अडचणी यांची नोंद कोणा कार्यकर्त्याच्या खासगी यंत्रात राहू नये. बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदवह्या धर्मग्रामात ठेवणे आणि जपणे हे तर धर्मसंहितेच्या ५३५ व्या कलमाने धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंवर सोपविलेले काम आहे.

गायकवृंदाने टॅब्लेट जरूर वापरावा. मात्र मिस्सेपूर्वी तो चार्ज करावा, आवाज आणि इंटरनेट बंद करावे, आणि दोन-तीन छापील प्रती जवळ ठेवाव्यात, कारण बॅटरी नेमकी पवित्र शुक्रवारीच दगा देते. वाचकांनी शनिवारी रात्री घरी टॅब्लेटवर उताऱ्याचा सराव करावा, कठीण नावे मोठ्याने म्हणून पाहावीत, आणि रविवारी मिस्सेपूर्वी पंधरा मिनिटे येऊन वाचनपीठावरील ग्रंथात आपले पान शोधून तेथे फीत लावून ठेवावी.