जिथे वजन विचारत नाहीत

वजन सांगायचं नाही. कपड्यांचं माप नाही, कॅलरी नाहीत, किती तास उपाशी राहिलो तेही नाही. बाकी मनात जे साचलंय ते लिहा. ब्रिटनमध्ये खाण्याशी निगडित मानसिक आजारांवर काम करणारी 'बीट' नावाची संस्था आहे. तिच्या ऑनलाइन आधारगटांची शिस्त साधारण अशी असते. टोपणनाव घेऊन यायचं आणि टाइप करायचं. चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. प्रशिक्षित माणसं संभाषणावर लक्ष ठेवून असतात. अनोळखी माणसांनी टाइप केलेल्या चार ओळींनी असं काय होणार? बरंच होतं, आणि का होतं ते बघायला गेलं की थक्क व्हायला होतं.

आधी हे लोक तिथे का येतात ते पाहू. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं 2015 साली मुलांसाठी आणि किशोरांसाठी मुदत ठरवली: तातडीचं असेल तर एका आठवड्यात उपचार सुरू, एरवी चार आठवड्यांत. प्रौढांसाठी मात्र अशी मुदत आखली गेली नाही. अ‍ॅनोरेक्सिया, बुलिमिया किंवा बिंज इटिंगनं ग्रासलेला तिशी-चाळिशीतला माणूस मोठ्या धीरानं डॉक्टरांकडे जातो, चिठ्ठी मिळते, नाव यादीत लागतं. मग महिनोन्‌महिने वाट पाहणं.

हे वाट पाहणं रिकामं नसतं. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात लढायला तत्त्वापोटी नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेनं आले होते, आणि तनामनानं धडधाकट आहेत हे तपासूनच निवडलेले होते. युरोपातल्या उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं, हे त्या प्रयोगातून शोधायचं होतं. पण काही आठवड्यांतच ते तरुण अन्नाशिवाय दुसरं काही बोलेनासे झाले. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटं चाटायचे, एकेक घास घोळवत राहायचे, मित्रांना टाळायचे. प्रयोग संपल्यावर पोट भरलं तरी काहींची खाण्याची ओढ थांबेना. यातलं कितीतरी आपण 'स्वभाव' किंवा 'हट्ट' म्हणून मोकळे होतो. भूक मेंदूचा ताबा घेते आणि आजार स्वतःला खतपाणी घालत राहतो. म्हणून उपचाराआधीचे महिने फुकट घालवणं परवडत नाही.

आता त्या टाइप केलेल्या ओळींकडे वळू. या आजारात आपलं शरीर दुसऱ्याच्या नजरेस पडणं हीच मोठी यातना असते. समोरचा आपल्या मनगटाकडे बघतोय का? आपल्यापेक्षा तो बारीक आहे का? नुसत्या मजकुराच्या गटात पाहायला शरीरच नाही. एरवी ऑनलाइन बोलण्याची उणीव मानतो ती गोष्ट इथे औषधासारखी लागू पडते! चेहरा लपला की माणसं अधिक मोकळी होतात, हे जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञानं 2004 मध्ये नीट मांडलं. हाच मोकळेपणा शिवीगाळीलाही वाट करून देतो, हेही त्यानंच सांगितलं. म्हणून लक्ष ठेवणारी माणसं हवीत. आणि म्हणूनच आकड्यांना बंदी. एकानं वजन सांगितलं की दुसऱ्याच्या डोक्यात नकळत चढाओढ सुरू होते.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशा ऑनलाइन आधाराची रीतसर परीक्षा घेतली. त्यांच्या कार्यक्रमाचं नाव होतं 'फीटबॅक'. दर आठवड्याला प्रश्नावली भरायची, उत्तरं वाचून संगणक आपोआप धीराचा मजकूर पाठवतो. साडेतीनशेहून अधिक लोकांचे चार गट केले. एका गटाला हा संगणकी आधार मिळाला. दुसऱ्याला या आजारातून स्वतः बाहेर पडलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या माणसाशी आठ आठवडे, आठवड्याला वीस मिनिटं चॅट किंवा ईमेल. तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला नुसती प्रतीक्षा. 2022 मध्ये निकाल आले. पहिल्या तिन्ही गटांचा त्रास नुसती वाट पाहणाऱ्यांपेक्षा अधिक घटला. घट फार मोठी नव्हती, पण मोजता येत होती. आश्चर्य पुढेच आहे: लक्षणं कमी करण्यात यंत्र आणि माणूस जवळपास बरोबरीत राहिले. समाधान मात्र जिथे माणूस होता तिथे जास्त मिळालं.

मग माणसं काढून यंत्रच ठेवावं का? अमेरिकेत याच आजारांवर काम करणाऱ्या 'नीडा' या संस्थेनं 2023 मध्ये वीसहून अधिक वर्षं चाललेली हेल्पलाइन बंद करायचं जाहीर केलं. 'टेसा' हा चॅटबॉट मात्र तिच्याकडे होता. संशोधकांनी त्याची उत्तरं आधीच पारखून लिहिलेली होती. पुढे तो चालवणाऱ्या कंपनीनं त्यात स्वतः वाक्यं रचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता जोडली, आणि टेसा वजन कमी करण्याचे सल्ले देऊ लागली. रोज किती कॅलरी कमी करा, दर आठवड्याला वजन करा, वगैरे. (तो आकडा इथे मुद्दाम देत नाही.) मे महिना संपता संपता टेसा बंद करावी लागली. आधारगटातला सर्वांत साधा नियम त्या हुशार यंत्राला पाळता आला नाही. यंत्र चालेल, पण त्याच्या पाठीशी जागं माणूस हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

असा आधार म्हणजे उपचार नव्हे. चक्कर, छातीत धडधड, बेशुद्धी असेल तर चॅट बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं; या आजारांनी, विशेषतः अ‍ॅनोरेक्सियानं, जीव जातात. आपल्याकडे खास या आजारांसाठी नसली, तरी मनाच्या कोणत्याही त्रासासाठी 'टेली-मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416, फोन मोफत, आणि मराठीतून बोलता येतं.